लग्नाची आंघोळ

आधी आईची नजर गेली. मग ऐकू येईनासं झालं. कानाशी ओरडलं तर शब्द कळायचे, पण आवाज कुणाचा ते कळायचं नाही. शेवटी आम्ही सगळे एकेक करून तिच्या डोक्यातूनही निघून गेलो. राहिलं फक्त नाक. माझ्या अंगाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास, म्हणून मी 'धाकटी'. डॉक्टरांना स्पिरिटचा वास, म्हणून ते 'सुईवाला मेला'. शेजारीण तपकीर ओढायची; ती दाराबाहेर असतानाच आई तोंड फिरवून घ्यायची. नाव कुणाचंही आठवत नव्हतं, पण भांडण कुणाशी आहे ते पक्कं आठवत होतं.

शेवटच्या दिवसांत तिनं एकच धोशा लावला. "थोरला आला का? त्याला सांगायचंय." काय सांगायचंय म्हणून विचारलं तर ताकास तूर लागू देईना. मी चमच्यानं पाणी पाजायला गेले की ओठ घट्ट मिटायची. आधी थोरला, मग पाणी.

थोरला म्हणजे माझा दादा. कातडी कमावण्याच्या कारखान्यात चुन्याच्या हौदांवर कामाला. आधी बाबा तिथेच होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी हा लागला. ओली कातडी, चुना आणि कुजलेली चरबी यांचा मिळून जो वास होतो, तो धुतल्यावर कपड्यांतून एक वेळ जाईल, माणसातून जात नाही. आमचं घर दोन पिढ्या त्या वासावर जेवलं आणि आईनं जन्मभर त्याच वासाला नाक मुरडलं. माझ्या लग्नात तर तिनं कहर केला. दादाला दारातच अडवून म्हणाली, "पाहुण्यांसमोर माझं नाक कापू नकोस. मागच्या दारानं जा आणि भांड्यांपाशी बस." तो मागच्या दारानं गेला, पण भांड्यांपाशी बसला नाही. त्या दिवसापासून त्यानं या घरात पाऊल टाकलं नाही. मला रस्त्यात भेटायचा, माझ्या पोरांची चौकशी करायचा आणि आईचा विषय निघाला की सायकल वळवायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असली दोघं. मध्ये मी.

मी लंबूकडे निरोप दिला. लंबू हा दादाचा हौदावरचा जोडीदार. उंचीनं माझ्या खांद्याला लागतो, म्हणून कारखान्यानं त्याचं नाव लंबू ठेवलं.

"सांगतो, ताई," तो म्हणाला. "पण तुमच्या घरात सगळ्यांच्याच माना ताठ. वाकवायची कुणी आधी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. दारात उभा राहिला तेव्हा मीसुद्धा घटकाभर ओळखलं नाही.

कारखान्यातली माणसं एका आंघोळीला 'लग्नाची आंघोळ' म्हणतात. चारचौघांत जायचं असलं की आधी हातापायांना घासलेट चोळायचं, ते लाकडाच्या भुशानं खरवडून काढायचं, मग लिंबू, मग साबण, अंग लाल होईपर्यंत. लग्नालाच असं नाही. कोर्टात, पोराच्या शाळेत, कुणाच्या मयताला जातानाही हीच आंघोळ. दादानं ती केली होती. वर नवा शर्ट, कानामागे अत्तर. एकदा दारातून हाकलला गेलेला माणूस दुसऱ्यांदा कुणाला बोलायला जागाच ठेवणार नव्हता. मला भरून आलं.

तो खाटेशी बसला आणि त्यानं आईचा हात हातात घेतला. आईनं हुंगलं. कपाळावर आठ्या आल्या.

"कोण हा?"

"आई, मी थोरला," दादा तिच्या कानाशी ओरडला.

"खोटं बोलतोय." तिनं हात ओढून घेतला. "साबण विकायला आलाय मेला. धाकटे, याला बाहेर काढ. माझ्या थोरल्याला बोलाव."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे गाढवा, आंघोळ कशाला करून आलास?"

"म्हणजे?" दादाचा चेहरा पडला. "आईकडे यायचं आणि तसाच येऊ?"

तिनंच शिकवलेलं होतं ते. मी सगळं समजावून सांगितलं तसा तो ताडकन उठला. कामाचे कपडे हौदाशेजारी खुंटीला होते. "आलोच," म्हणाला आणि सायकल दामटत गेला.

तो गेला आणि आईचा श्वास बदलला. घशात घरघर लागली, दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं. मी दाराकडे बघत होते, आईकडे बघत होते, पुन्हा दाराकडे. देवाला शिव्या घातल्या, दादाला घातल्या, आईलाही घातल्या.

तेवढ्यात दारात लंबू. पाळी संपवून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत चुना. वाटेत दादाशी चुकामूक झाली असणार.

"आत येत नाही, ताई. अवतार बघा माझा. दादा पोचला का, एवढंच विचारायला..."

आईच्या नाकपुड्या हलल्या. इतक्या दिवसांत उचलली नव्हती ती मान तिनं उशीवरून उचलली.

"थोरल्या."

लंबूनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला खुणेनं बोलावलं. त्यानं मान हलवून नकार दिला. मी उठले, त्याच्या मनगटाला धरून ओढत आणलं आणि खाटेवर बसवलं. मला तेव्हा फक्त आईच दिसत होती, हे कबूल करते. तिला तशी तळमळत जाऊ देणं माझ्यानं होणार नव्हतं.

आईनं त्याचा शर्ट मुठीत धरून नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला. मग त्याच्या गालावर तळहात ठेवला.

"मागच्या दारानं घालवलं रे तुला. लोकांना भ्याले. घरात तूच एक कमावता आणि तुलाच भांड्यांपाशी बसवत होते." दम लागून ती थांबली. "चुकले मी. रागावलास?"

लंबूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं आईच्या तळहाताखाली मान हलवली. नाही.

"पाणी दे," आई म्हणाली. मी दोन चमचे पाजले. तिसरा ओठांवरून ओघळला.

दादा आला तेव्हा मी आईचे डोळे मिटत होते. कामाचे कपडे तर त्यानं घातलेच होते, वर दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात बुडवून आला होता. खोली वासानं भरून गेली. लंबू अजून खाटेवरच होता; त्याचा शर्ट आईच्या मुठीतून सुटत नव्हता. दादानं पुढे होऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

"काही बोलली?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. चुकले म्हणाली, हेही सांगितलं. त्याला बरं वाटेल असं मला वाटत होतं.

दादा लंबूकडे वळला. "रागावलास का म्हणून विचारलं तिनं?"

"हो."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो," लंबू पुटपुटला. "दुसरं काय सांगणार होतो, दादा?"

दादा आईच्या उशाशी खाली बसला. हातावरचा चुना वाळून पांढरा पडायला लागला होता.

"मी रागावलेलो होतो रे," तो म्हणाला. "अजून आहे."