रागावणाऱ्या बाईंची बेकरी

बेकरीवाल्याची बायको गिऱ्हाइकांना रागवायची. कुणी पाव दाबून पाहिला की म्हणायची, "उशी घ्यायला आलात की काय?" कुणी रोज केक न्यायला लागला की, "दातांशी काही वैर आहे का?" तिची बोलणी खायला लोक चार गल्ल्या ओलांडून यायचे. गावातल्या साप्ताहिकानं एकदा तिची बातमीही छापली होती.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि गेली. गाव एवढंसं. तिला पोहोचवायला सगळेच आले होते, त्यामुळे बेकरीवाल्याला ती गेल्याचं कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. ते वाक्य आपल्या तोंडून कधी निघू नये, एवढीच त्याची धडपड होती.

साप्ताहिकाच्या संपादकाची एक खोड होती. ज्या आठवड्यात गावात काही घडत नसे, त्या आठवड्यात तो एखादी जुनी बातमी काढून जशीच्या तशी छापायचा. गेल्या आठवड्यात त्यानं रागावणाऱ्या बाईंचीच जुनी बातमी छापली. गावाला त्याची खोड ठाऊक होती. देशभर दिसणाऱ्या वाहिनीला कुठून ठाऊक असणार? सोमवारी सकाळी त्यांची गाडीच बेकरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"रागावणाऱ्या बाई कुठायत, काका?" माइक घेतलेल्या मुलीनं हसत विचारलं. "सगळा देश त्यांची बोलणी ऐकणार आहे!"

"आलोच," म्हणत बेकरीवाला मागच्या खोलीत सटकला आणि आधीच मळलेलं पीठ पुन्हा मळायला लागला.

पाठोपाठ मेहुणी आली. "भावजी, मी बसते गल्ल्यावर. ताईइतकी नसले, तरी माझी जीभही काही कमी नाही."

"तू बोललीस की लोक हसत नाहीत. घरी जातात."

तेवढ्यात मागच्या दारानं संपादक घुसला, घामाघूम. "माझंच चुकलं. गाढव आहे मी. थांबा, मी सांगून टाकतो त्यांना."

बेकरीवाल्याचे हात थांबले. आपल्या बायकोबद्दलची ही गोष्ट या गाढवानं सांगायची?

"नको," तो म्हणाला. "मी सांगतो."

बाहेर अर्धी गल्ली जमली होती. पिठाचे हात तसेच लोंबकळत ठेवून तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"ती नाही आता. वारली."

मुलीनं माइक खाली घेतला. गर्दीतला न्हावी म्हणाला, "मला म्हणायच्या, लोकांचे केस कापता, साधा पाव कापता येत नाही?"

"असं नव्हती म्हणाली ती," बेकरीवाला म्हणाला.

"मग?"

"ती म्हणाली, अख्खं गाव भादरलंत, आता माझा पाव तरी सोडा!"

गर्दी खदखदून हसली. न्हावी सगळ्यात जास्त. मुलीनं हळूच माइक वर केला.

"आणि पोस्टमनला काय म्हणाली, सांगू? तो रोज उशिरा यायचा..." बेकरीवाला सांगू लागला. पोस्टमन झाला, शाळेच्या बाई झाल्या, डॉक्टर झाले. ज्याची पाळी यायची तो लाजायचा आणि बाकीचे त्याला पुढे ढकलायचे.

"भावजी!" आतून मेहुणी ओरडली. "भट्टीतले पाव करपले!"

"करपू देत," तो म्हणाला आणि मुलीकडे वळला. "हां, तर डॉक्टरांना ती पुढे काय म्हणाली..."