आठपट

सुनयनानं तो कागद दोनदा वाचला आणि तिची कानशिलं तापली.

शहापूरच्या विणकर संघात ती गेली सहा वर्षं कॉम्प्युटरचं काम बघत होती. संघाचा जुना सर्व्हर आता मरणपंथाला लागला होता. त्याच्या डिस्कवर छत्तीस जीबीचा खजिना होता: तम्मण्णा आप्पांनी पंचवीस वर्षांत काढलेली साड्यांच्या काठापदरांची डिझाइनं. महिन्याभरापासून डिस्क आतून टकटक आवाज करत होती. म्हणून बेंगळूरच्या मुख्य कार्यालयानं सौरव नावाचा अधिकारी पाठवला होता. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: जुनी टेलिफोन लाईन, वेग दोन, छत्तीस जीबी, वेळ पाच तास.

"सर, हा वेग दोन मेगाबिटचा आहे," ती म्हणाली. "तुम्ही मेगाबाइट धरलाय. लाईनचा वेग बिटमध्ये मोजतात, डिस्कचा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. पाच नव्हे, चाळीस तास लागतील. ही डिस्क तेवढी टिकायची नाही."

सौरव हसला. "मॅडम, कॉलेज कुठलं तुमचं?"

तो खरं काय विचारतोय ते तिला कळलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आजीच्या या नातीला असले प्रश्न नवे नव्हते.

"अनगोळच्या दुरुस्तीवाल्याकडनं मी जुन्या डिस्कला लागणारं कार्ड आणलंय," ती म्हणाली. "सरळ दुसऱ्या डिस्कवर उतरवू. सेकंदाला वीस मेगाबाइट. अर्ध्या तासात मोकळे."

"बाहेरचं कार्ड लावायचं नाही. आपली लाईन सुरक्षित आहे."

तिनं मॅनेजर नागराजकडं बघितलं. नागराज टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. "बेंगळूरहून आलेत ते, सुनयना. त्यांचं ऐकूया."

सकाळी नऊला काम सुरू झालं. दुपारचे दोन वाजले. सौरवच्या हिशेबानं तोवर सगळं पोचायला हवं होतं. पडद्यावर आकडा होता साडेचार जीबी. बरोबर आठवा हिस्सा.

"लाईन आज मंद आहे," सौरव म्हणाला.

"लाईन आहे तशीच आहे. तुमचा आकडा चुकलाय."

तेवढ्यात डिस्कची टकटक वाढली. मग सुनयनानं कुणाला विचारलंच नाही. चालू काम थांबवून तिनं सर्व्हर बंद केला, डिस्क काढली, आपल्या मशीनमध्ये कार्ड बसवलं आणि डिस्क त्याला जोडली. सौरव मागं उभा राहून नियम सांगत होता. "हात लावू नका," एवढंच ती म्हणाली, पण अशा आवाजात, की तो दोन पावलं मागं सरला. लाईनीवरून जे गेलं नव्हतं, ते तिनं आधी उतरवायला घेतलं. बावीस मिनिटं डिस्क सरळ धावली. तेविसाव्या मिनिटाला करकरली आणि गप्प झाली. पाच जीबी आतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला: परवानगी न घेता हस्तक्षेप केल्यामुळं डिस्क निकामी झाली. खाली सही करायची होती.

तिनं सही केली नाही. गुरुवारी संघाची बैठक होती, तिथं ती मेमो घेऊन उभी राहिली. समोर शहापूर-वडगावचे विणकर, पुढच्या रांगेत तम्मण्णा आप्पा.

"आप्पा, समजा एका इंचात आठ धागे बसतात," ती म्हणाली. "लाईनवाले धागे मोजतात, डिस्कवाले इंच मोजतात."

आप्पांनी क्षणभर डोळे बारीक केले. "मग ह्यांनी धाग्याला इंच म्हटलं व्हय?"

"व्हय."

"आणि तू सकाळीच सांगितलं हुतंस?"

"सांगितलं. नागराज सर तिथंच होते."

सगळ्यांच्या माना नागराजकडं वळल्या. तो खाली बघत म्हणाला, "सांगितलं होतं तिनं."

"माझ्याकडं आलेला नवा पोरगासुद्धा इंचात धागं किती, हे पयलं इचारतो," आप्पा म्हणाले. "आणि मेमो हिला?"

सौरव म्हणाला की डिस्क जुनीच होती, कधीतरी जाणारच होती. सुनयनानं मेमो नागराजच्या पुढ्यात ठेवला.

मेमो मागं घेतल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. एका ओळीचं. चूक कुणाची, ते त्यात नव्हतं. सुनयनानं त्याच पत्राच्या पाठीवर सगळा हिशेब मांडला, खाली आपली सही केली आणि ते बेंगळूरला रजिस्टर पोस्टानं परत धाडलं.

गेलेली डिझाइनं आप्पांच्या अलीकडच्या पाच वर्षांतली निघाली, मोतीबिंदू पिकत असताना काढलेली. सुनयना आप्पांच्या घरी गेली तेव्हा ते आलेखाच्या कागदावर चौकोन भरत होते. पाचांपैकी एक चौकोन रेघेबाहेर जात होता.

"मी सकाळीच वायर काढायला पायजे होती, आप्पा."

"सकाळी काढली असतीस तर तुला नोकरीवरनं काढलं असतं गं."

"काढू देत की."

आप्पांनी मान हलवली आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. "जरा टोक करून दे. मला दिसत न्हाय."

तिनं इतक्या जोरात टोक केलं, की शिसं दोनदा मोडलं.