चार लाल बटणं

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. खरं तर आता अर्धीच म्हणायला हवी, कारण माझी डावी बाजू मांजराने नखांनी सोलून काढली आहे आणि पोटातला काथ्या फरशीपर्यंत लोंबतो आहे. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. उद्या सकाळी भंगारवाला मला न्यायला येणार आहे, त्यामुळे आज कुणाची भीड बाळगायचं मला कारण नाही.

माझा जन्म बसच्या डेपोत झाला. तिथे एका लांबट शेडमध्ये बसच्या फाटक्या सीटा नव्याने भरायचं काम चाले. आबा तिथे एकोणतीस वर्षं सीटा शिवत होते. त्यांनीच मला बनवलं. स्प्रिंगा मोडीत निघालेल्या एका बसच्या, रेक्झिन हिरवं, उरल्यासुरल्या तुकड्यांचं, आणि लाकूड जुन्या फळ्यांचं. जेवणाच्या सुट्टीत ते वाकडी सुई घेऊन बसत आणि मला टाके घालत. बरोबरचे कामगार थट्टा करत, "बायकोला तरी इतकं जपतोस का रे?" माझ्या पाठीवर त्यांनी बारा बटणं टाचली. तेव्हा मी देखणी होते. ही बढाई नाही, आता कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून सांगून ठेवते.

आता बटणांची गोष्ट नीट ऐका, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच ठरलं. आबांनी मला आणलं ते घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मोठी खिडकी एकच. त्यांना दोन मुलं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. खिडकीशी कोणी बसायचं यावरून दोघांची रोज जुंपायची. एके दिवशी आबांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि डेपोतून उरलेली बटणं आणली. घरातल्या प्रत्येकाला एक लाल, एक काळं. हो असेल तर लाल टाकायचं, नाही असेल तर काळं. मुठीत धरून टाकायचं, कुणी कुणाचं बघायचं नाही. मोजायचं घरातल्या सर्वांत मोठ्याने. समसमान पडली तर आठ दिवसांनी पुन्हा टाकायची. आणि एकदा निकाल लागला की कुरकुर नाही.

त्या घरात पुढे सगळं असंच ठरत गेलं. पंखा कोणत्या खोलीत लावायचा, सुट्टीत कुठे जायचं, भिंतींना रंग कोणता द्यायचा. शेजारीपाजारी हसायचे, पण आबांना त्या डब्याचा भारी अभिमान. "आमच्या घरात लहानाचं बटण आणि मोठ्याचं बटण सारखंच," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यांची बायको वारली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, सून आली, नात झाली. डबा मात्र फळीवर तसाच राहिला.

नातीला सगळे बारकी म्हणतात. तिने माझ्या हाताला धरून पहिली पावलं टाकली. माझ्या स्प्रिंगांवर ती इतक्या उड्या मारायची की माझ्या नाकी नऊ यायचे. तरी ते दिवस मला हवेसे वाटायचे.

आबा निवृत्त झाले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीशी माझ्यावर बसू लागले. एकोणतीस वर्षांचा काथ्या आणि कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. खोकला सुरू झाला की माझ्यासुद्धा स्प्रिंगा कुरकुरायच्या. छातीच्या डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, "धूळ, पिसं, जनावराचे केस, या सगळ्यापासून यांना लांब ठेवा." बारकीही तेव्हा सोबत होती. म्हणजे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हे विसरू नका.

मग खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंच्या मांजरीला पिल्लं झाली. तीन वाटली गेली, एक राखाडी उरलं. बारकी ते हातात घेऊन वर आली आणि म्हणाली, "आपण ठेवायचं का?"

मुलगा एका नकाशांच्या ऑफिसात आराखडे काढतो. मोजमाप काढल्याशिवाय त्याला जेवणही जात नसावं. त्याने लगेच टेप काढला. स्वयंपाकघर मोजलं, न्हाणीघराचा कोपरा मोजला, दारामागची जागा मोजली आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबला. मांजराच्या वाळूचा ट्रे फक्त माझ्या जागी बसत होता. "खुर्ची थोडी आत सरकवावी लागेल," असं तो म्हणाला, पण आबांकडे न बघता.

"आधी ठेवायचं का ते तरी ठरवा," आबा म्हणाले. "डबा काढ गं बारके."

रविवारी दुपारी चौघं बसली. बारकी माझ्या हातावर बसली होती, म्हणून तिची मूठ मला दिसली. ते पिल्लू तिला हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. पण तेवढ्यात आबांना ठसका लागला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मुठीतलं लाल बटण खिशात घातलं आणि काळं काढलं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

आबांनी डबा उघडला. दोन लाल, दोन काळी. "समसमान. आठ दिवसांनी पुन्हा," ते म्हणाले आणि हसले. का हसले, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. घरात कुणी नसताना ते माझ्याशी बोलायचे. म्हणाले, "पोरगा बोलत नाही, पण बापाच्या बाजूने उभा राहिला बघ." त्यांना वाटलं, लाल टाकणारी बारकी आणि सून, आणि दुसरं काळं मुलाचं. मला खरं ठाऊक होतं. पण मित्रांनो, खुर्चीला तोंड नसतं, आणि या गोष्टीत त्याचं मला जितकं दुःख झालं तितकं दुसऱ्या कशाचंच झालं नाही.

मुलगा आपल्या पाठीशी आहे, एवढ्यावर आबांचं पोट भरलं. मग त्यांना वाईट वाटू लागलं ते नातीचं. एवढीशी पोर, एका बटणासाठी अडली असं त्यांनी धरून घेतलं. पुढचे आठ दिवस त्यांनी जे केलं ते माझ्या डोळ्यांदेखत केलं. बारकी शाळेतून आली की ते खोकायचे नाहीत. उबळ आली की पंच्याचा बोळा दातांत धरायचे आणि तोंड माझ्या पाठीत खुपसायचे. त्यांची बोटं माझ्या हातांत रुतायची. ती आत गेली की मग धापा टाकायचे. एकदा तिला जवळ बोलावून म्हणाले, "बघ, आठवडाभर खोकला आलाय का मला? गेला तो. मांजर चालतं गं मला."

"खरंच, आजोबा?"

"तुझी शपथ," ते म्हणाले. आयुष्यात खोटी शपथ घेतलेला माणूस नव्हता तो.

पोरीचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर वाटलं, असू दे.

दुसऱ्या रविवारी डबा पुन्हा निघाला. आबांनी झाकण काढलं आणि बटणं माझ्या हातावर एकेक करून मांडली. लाल. लाल. लाल. चौथंही लालच होतं. ते त्या चार बटणांकडे बघत राहिले. तीन लाल पडतील अशी त्यांची अपेक्षा होती.

"अरे, तू पण बदललंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलगा टेप गुंडाळत होता. "बदललं कुठे? माझं मागच्या वेळीही लालच होतं, आबा. त्या खिडकीशी मला टेबल टाकायचंय, किती दिवस झाले."

आबांनी सुनेकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही, तेवढं तिचं मानायला हवं. "माझंही लालच होतं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी तो खोकला ऐकतेय, पिकदाणी धुतेय. मी काही बोलले का कधी? पण तुम्ही ताईंकडे जावं असं मला वाटतं. तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून बटण टाकलं."

मग आबांनी बारकीकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती. "आजोबा, मी काळं टाकलं होतं. तुम्ही म्हणालात खोकला गेला, म्हणून आज..."

"निकाल लागला," सून म्हणाली. "कुरकुर नाही."

"बरोबर आहे. नियम माझाच आहे," आबा म्हणाले आणि बटणं डब्यात भरू लागले. एक बटण खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

पिल्लू आलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. ते मांजर होतं आणि मांजरासारखं वागलं. पहिल्याच दिवशी ते आबांच्या मांडीवर येऊन झोपलं, आणि त्यांनी त्याला हाकललं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांना श्वास पुरेना. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा पिशवी भरलेलीच होती. मुलीचा फोनवरचा आवाज मला ऐकू येत होता. "जागा माझ्याकडे तरी कुठे आहे? पण आणा, काय करणार," असं ती म्हणत होती. "थोडेच दिवस, आबा," मुलगा म्हणाला. आबांनी पिशवीत चष्मा ठेवला, औषधं ठेवली आणि आपली वाकडी सुई ठेवली. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. एक बटण सैल झालं होतं, ते त्यांनी चाचपलं. सुई बाहेर काढायला वेळ नव्हता, खाली रिक्षा थांबली होती.

त्यांच्या बसण्याने माझ्यात जो खळगा पडला होता, त्यात मांजर झोपू लागलं. खिडकीशी टेबल आलं. मला दाराकडे सरकवण्यात आलं. मांजर सोफ्याला नखं लावू लागलं, तेव्हा सूनबाईंनी त्याला उचलून माझ्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे ओरबाड हवं तितकं." एकोणतीस वर्षं माणसांना बसायला सीटा शिवणाऱ्या हाताचे टाके दोन महिन्यांत उसवले.

बारकी मांजराला हात लावेनाशी झाली. एका रविवारी तिने फोनवर आबांना सांगितलं, "आजोबा, आज मी डबा काढणार आहे. तुम्हाला परत आणायचं का, यावर." पलीकडून आबा म्हणाले, "कशाला गं उगाच?" पण आवाज लगेच उजळला होता. "बरं, काय होतं ते कळव. मी फोनपाशीच आहे."

सून म्हणाली, "बाळा, सगळ्याच गोष्टी डब्यात टाकायच्या नसतात."

"मांजर टाकलं होतं ना?" बारकी म्हणाली. तिने डबा खाली काढला. आबा परत येणार, मांजर खाली शिवणवाल्या काकूंकडे जाणार, हे लाल. नाही तर काळं. तीन बटणं पडली. मोजायचा मान आता मुलाचा. त्याने डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण पटकन लावून टाकलं. बारकीने डबा त्याच्या हातून घेतला आणि तीनही बटणं माझ्या फाटक्या हातावर ठेवली. एक लाल. दोन काळी.

ती आदळआपट करेल असं मला वाटलं होतं. तिने काही केलं नाही. डबा फळीवर ठेवला, फोन उचलला आणि माझ्यावर येऊन बसली.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"समसमान झाली, आजोबा."

मित्रांनो, घरात माणसं तीन आणि बटणं तीन. तीन बटणं समसमान होत नसतात. ज्याने तो डबा बनवला, त्याला हे कुणी सांगायला नको.

"बरं," आबा म्हणाले. "मग आठ दिवसांनी पुन्हा टाका."

त्यानंतर डबा कधी निघाला नाही. पण दर रविवारी फोन होतो. दर रविवारी ते विचारतात, ती सांगते, समसमान. आणि ते म्हणतात, बरं.

जुन्या वस्तू सांभाळा, असं सांगून मी तुमचा निरोप घ्यावा अशी रीत आहे. पण मला तसं सांगवत नाही. माझं आयुष्य झालं, मला टाका. माझ्या पोटातला काथ्या मोकळा होऊ दे. मांजरही आणा, हवं तर दोन आणा, त्याच्यावर राग नको. फक्त ज्याच्या मांडीवर तुम्ही मोठे झालात त्याला घरात ठेवायचं का, हे कुठल्याही डब्याला विचारू नका. आणि विचारलंच, तर तुमचं बटण मुठीत लपवू नका, त्याच्या तोंडावर दाखवा.

उद्या सकाळी मी जाईन. मुलाने दार मोजून ठेवलं आहे, मी आडवी केली की बाहेर निघते म्हणे. रविवारी फोन वाजेल, तेव्हा बारकीला बसायला मी नसेन. ती उभ्यानेच सांगेल.