समितीच्या टेबलावरची प्रार्थनेची घंटा

मी एक जुनी पितळी हातघंटा आहे. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे आणि माझा लोळा एकदा बदललेला आहे. मित्रांनो, आवाज अजून खणखणीत आहे असं सगळे म्हणतात. तो तसा नसता तर बरं झालं असतं, असं मला गेली दोन वर्षं वाटतं.

एका ओताऱ्याने मला ओतलं. त्याने मला तीनदा वाजवून पाहिलं आणि चौथ्यांदा कानाजवळ धरून वाजवलं. "ही गर्दीत हरवायची नाही," तो बायकोला म्हणाला. तिने मला चिंचेने घासलं आणि मी एका प्रार्थनागृहात गेले.

प्रार्थनागृह म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना बाकं, मध्ये एक टेबल, टेबलावर मी. तिथला नियम साधा होता. मला एकदा वाजवलं की सगळे डोळे मिटून गप्प व्हायचे, आणि दुसऱ्यांदा वाजवेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. मुलं हा नियम चालायच्या आधी शिकत. कोणी चुळबुळ केली तर शेजारचा त्याच्या मनगटावर हळूच हात ठेवी. बेकरीवाले काका एकदा डोळे मिटून बसले असताना त्यांच्या टकलावर पाल पडली. काका हलले नाहीत. दुसरी घंटा झाली तेव्हा मात्र असे ओरडले की बाहेरच्या रिक्षावाल्याने ब्रेक मारला. पुढे कित्येक महिने त्यांना "काका, पाहुणी आली का?" असं विचारत. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या मंडळींत कपडे शिवणारी एक बाई होती. सगळे तिला शिवणताई म्हणत. तिची धाकटी बहीण नऊ वर्षांपासून सरकारी मनोरुग्णालयात होती. बाळंतपणानंतर तिला झोप येईना, ती रडे, म्हणून नवऱ्याने सही करून तिला तिथे ठेवलं. पाच महिन्यांत ती बरी झाली. डॉक्टरांनी तसं दोनदा लिहून दिलं. पण कायदा असा होता की ज्याच्या सहीने माणूस आत गेलं, त्याच्याच सहीने ते बाहेर येणार. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं आणि तो सही करायला येत नव्हता.

त्या कायद्यात बदल करणारं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं. त्याचं नववं कलम म्हणत होतं की अशा माणसाला न्यायाधीशापुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सुटका मागता येईल. प्रार्थनागृहाने ते काम अंगावर घेतलं. कोणाला विनाकारण कोंडणं हे देवाच्या दारात चालत नाही, तर सरकारच्या दारात का चालावं, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. मंडळी घरोघर गेली. त्यांनी अकरा हजार सह्या जमवल्या. आमदारांच्या दारांबाहेर बाकड्यांवर बसून राहिली. संध्याकाळी माझ्यासमोर बसून कोणी काय बोलायचं याची तालीम करत. सगळ्यांचे म्होरके होते निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी. ते म्हणत, "आवाज चढवायचा नाही. आपण शेजारी म्हणून जातोय, भांडायला नाही. आणि शेजाऱ्याकडे मोकळ्या हाताने जायचं नाही."

इथेच सगळं बिघडलं, मित्रांनो. विधेयक ज्या समितीपुढे होतं तिच्या अध्यक्षांची टेबलघंटी अडकली होती. ते पेन्सिलीने पाण्याचा पेला वाजवत. गुरुजींनी हे पहिल्या भेटीत पाहिलं आणि दुसऱ्या भेटीत मला फडक्यात गुंडाळून नेलं.

"साहेब, आमच्याकडून एवढं ठेवा," गुरुजी म्हणाले.

अध्यक्षांनी मला उचललं. "छान आहे. कशी वाजवता तुम्ही?"

गुरुजींनी अभिमानाने सगळं सांगितलं. पहिली घंटा, दुसरी घंटा, मधली शांतता.

"मध्ये कोणीच बोलत नाही?"

"छप्पन्न वर्षांत कोणी बोललेलं नाही, साहेब."

"कमाल आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मला उजव्या हाताशी ठेवलं.

शिवणताईंनी गुरुजींची बाही ओढली. "गुरुजी, घंटा कशाला दिलीत?"

"ताई, लोखंडी माणूससुद्धा भेटीने वितळतो," गुरुजी म्हणाले.

हा माणूस लोखंडी नव्हता. हसरा होता.

समितीत नऊ सदस्य होते. त्यांतले पाच नवव्या कलमाच्या बाजूने आहेत हे अध्यक्षांना ठाऊक होतं. म्हणजे मतदान झालं तर कलम राहणार होतं. पण सुनावणीचा नियम असा होता की कलम वगळायचा किंवा बदलायचा प्रस्ताव आला तर आक्षेप हजर नागरिकांनी घ्यायचा, सदस्यांनी नाही. एकाने जरी घेतला तरी मतदान. कोणीच घेतला नाही तर प्रस्ताव मतदानाशिवाय मंजूर.

सुनावणीच्या दिवशी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आमची चौदा माणसं बसली होती. शिवणताई कडेला, त्यांच्याशेजारी गुरुजी. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "कलम नऊ वगळण्याचा प्रस्ताव आहे. नागरिकांपैकी कोणाचा आक्षेप असेल तर त्यांना एक मिनिट आहे." मग त्यांनी मला उचललं आणि एकदा वाजवलं.

मी वाजले. मला तेवढंच येतं.

चौदा माना एकदम खाली गेल्या. चौदा जोड डोळे मिटले. कोणी ठरवून केलं नाही. हे सगळे जन्मापासून माझ्या आवाजाला असेच वागत आले होते. टेबलाच्या पलीकडच्या एक सदस्य बाई आधी गोंधळल्या, मग पुढे वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, बोला ना! कोणीतरी बोला!" अध्यक्ष घड्याळाकडे बघत राहिले.

वीसेक सेकंदांनी शिवणताईंचे डोळे उघडले. त्यांना कळलं. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, ओठ हलले. तेवढ्यात गुरुजींनी डोळे मिटलेलेच ठेवून त्यांच्या मनगटावर हळूच हात ठेवला, चुळबुळणाऱ्या मुलाच्या हातावर ठेवावा तसा. शिवणताई खाली बसल्या.

मिनिट झालं. अध्यक्षांनी मला दुसऱ्यांदा वाजवलं. "आक्षेप नाही. कलम वगळलं."

बेकरीवाले काका ताडकन उठले. "अहो साहेब, आहे की आक्षेप! त्यासाठीच तर आलोय आम्ही!"

"काका, वेळ दिली होती. पूर्ण एक मिनिट. सेकंदाचीही काटछाट केली नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता.

मंडळी दारापाशी घुटमळली. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चूक माझी आहे, ताई."

"तुमची नाही, गुरुजी," शिवणताई म्हणाल्या. "तुम्ही माझं मनगट धरलंत. तोंड कुठे धरलं होतंत?"

मी मात्र टेबलावरच राहिले. भेट दिलेली वस्तू मागणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. अध्यक्ष येणाऱ्याजाणाऱ्याला माझी गोष्ट सांगत. सांगताना ते मान खाली घालून, डोळे मिटून दाखवत. लोक पोट धरून हसत. शिपाई मला रोज पॉलिश करी. इतकी लख्ख मी प्रार्थनागृहातही नव्हते.

अधिवेशन संपलं आणि विधेयक मंजुरीशिवाय पडून राहिलं. पुढच्या वर्षी ते नवव्या कलमासकट नव्याने मांडलं गेलं. समिती तीच, अध्यक्ष तेच, आणि मीही तीच.

सुनावणीच्या दिवशी सकाळी शिवणताई एकट्याच आल्या. खोलीत शिपाई खुर्च्या पुसत होता.

"दादा, एक काम कराल? ती घंटा वाजवा."

"कशाला?"

"मला वाजताना बोलायची सवय करायची आहे."

गेल्या वर्षीच्या सुनावणीला शिपाईही दारात होता. त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि मला उचललं. मी वाजले. शिवणताईंची मान आपोआप खाली गेली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाजले. या वेळी मान अर्धी गेली आणि तोंडातून "माझा" एवढंच निघालं.

"पुन्हा."

"ताई, हात दुखायला लागला माझा. साहेब दोनदाच वाजवतात."

"पुन्हा, दादा."

सतराव्या वेळी माझ्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "माझा आक्षेप आहे." मग त्या खुर्चीवर बसल्या. शिपायाने पाणी दिलं. पन्नास वर्षांची श्रद्धा एका सकाळी मोडायला किती कष्ट पडतात, हे मी जवळून पाहिलं. मोडण्याचं हत्यार मीच होते.

अकरा वाजता सुनावणी सुरू झाली. अध्यक्षांनी तोच प्रस्ताव वाचला आणि मला वाजवलं. आमच्या माणसांच्या माना गेल्याच, काही अर्ध्या, काही पूर्ण. शिवणताई उभ्या राहिल्या.

"माझा आक्षेप आहे. माझी बहीण दहा वर्षं आत आहे. वॉर्डातल्या तेहतीस बायकांची बटणं ती लावते. कात्री देत नाहीत म्हणून दोरा दाताने तोडते. डॉक्टरांनी दोनदा लिहिलंय की ती बरी आहे. तुम्ही माझं ऐकू नका. तिला न्यायाधीशापुढे उभं करा आणि तिचं ऐका."

मतदान झालं. पाच विरुद्ध चार. कलम राहिलं.

अध्यक्ष हसले. ते उठून शिवणताईंपाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "अभिनंदन. खरंच. आता जेवणानंतर थोड्या किरकोळ दुरुस्त्या आहेत, शब्दांच्या. तुम्ही कशाला खोळंबता?"

शिवणताईंनी घड्याळ पाहिलं. मनोरुग्णालयात भेटीची वेळ चारपर्यंत असते आणि बसने दोन तास लागतात. त्यांना ही बातमी बहिणीला आजच्या आज सांगायची होती. त्या पिशवी उचलून निघाल्या. जिन्यावर त्यांची चप्पल निसटली, ती हातात घेऊन त्या धावल्याचं शिपायाने पाहिलं.

"आपल्यातलं कोणी थांबायला हवं का?" गुरुजींनी विचारलं.

"आता काय राहिलंय, गुरुजी?" बेकरीवाले काका म्हणाले. "आणि आभार उद्यावर टाकायचे नसतात. तुम्हीच शिकवलंत."

ते खरं होतं. त्यांच्याकडे देणाऱ्याचे आभार त्याच दिवशी, सगळ्यांनी मिळून, प्रार्थनागृहात जाऊन मानायचे असतात. बाकीची सगळी माणसं आभार मानायला गेली.

दोन वाजून वीस मिनिटांनी समिती पुन्हा बसली. अध्यक्षांनी एक ओळ वाचली. कलम नऊ हे कायदा अमलात आल्यानंतर दाखल होणाऱ्या व्यक्तींनाच लागू राहील.

सदस्य बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, ही किरकोळ दुरुस्ती आहे? मग त्या बाईंची बहीण?"

"आक्षेप नागरिकांनी घ्यायचा असतो. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी मला वाजवलं. समोर पंधरा रिकाम्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर कोणाचा तरी रुमाल राहिला होता. अध्यक्षांनी पूर्ण मिनिट घड्याळाकडे पाहिलं. ते नियमाला फार पक्के होते. मग त्यांनी मला दुसऱ्यांदा वाजवलं.

शिवणताई त्यानंतर नवव्या दिवशी आल्या. आता अध्यक्ष त्यांना भेटत नव्हते. त्या शिपायापाशीच उभ्या राहिल्या.

"दादा, तुम्ही दारात होतात ना त्या दुपारी?"

"होतो, ताई."

"मग?"

"मला नागरिकांत धरत नाहीत, ताई. मी कर्मचारी." तो मला पुसत होता. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत राहिला. "धाकटीला सांगितलंत?"

"त्या दिवशी सांगितलं, सुटलीस म्हणून. तिने तेव्हाच बोचकं बांधलं. तेहतीस जणींचा निरोप घेतला. आठ दिवस ती बोचकं मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. परिचारिका म्हणाली, जेवायलासुद्धा उठली नाही, नाव पुकारलं तर ऐकू येणार नाही म्हणून. काल मी जाऊन खरं सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बोचकं सोडायला बसली. बोचक्याची गाठ सुटेना, फार घट्ट मारली होती तिने. मी सोडवून दिली."

मित्रांनो, माझी काही तक्रार नाही. मी कपाटात पडलेली नाही, मला गंज नाही, माझी मूठ सैल झालेली नाही. अध्यक्ष मला फार जपतात. तेव्हा मला पुसायला येऊ नका. पुढच्या सुनावणीची तारीख खालच्या दारावर लावलेली आहे. समोर पंधरा खुर्च्या आहेत आणि बसायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी या. जिंकलात तर आनंद करा, पण बसून करा. डबा बरोबर आणा आणि जेवणानंतरही तिथेच बसा.