फणसाखालची हाडं

तियाम्साने हळद-लिंबाच्या पाण्यात कवटी बुडवली आणि डोळ्यांच्या खाचांतली माती अंगठ्याने हलकेच काढली. चाळीस वर्षांनी नवरा पुन्हा हातात आला होता. पुरलेल्यांची हाडं उकरून, धुऊन कुळाच्या थडग्यात एकत्र ठेवायची, अशी त्यांच्याकडची रीत होती. डोंगरउतारावर, तळ्याकडे तोंड करून, कुळाचं नवं थडगं उभं होतं. त्यात दोन खण तिच्या घरचे होते. एक होत्मानचा, दुसरा तिचा. दुपारी होत्मानची हाडं आत ठेवायची आणि दार लिंपायचं. पुन्हा उघडायचं ते तिच्यासाठीच.

"जरा जोराने चोळ, वहिनी," रुगून म्हणाली. "जिवंतपणी त्याला आंघोळीचा कंटाळाच होता."

"तुमचाच भाऊ, वन्सं. वळण माहेरचं."

शेजारी उभे असलेले चर्चचे पाळक हसले. जुन्या कबरींवरचे लाकडी क्रूस कधीच कुजून गेले होते. फणसाखालची जागाच आपल्या भावाची, असं रुगूनने काठी आपटून सांगितलं होतं, आणि तियाम्साचा पुतण्या पार्लिन याने तिथेच खणलं होतं. एकेक हाड तो कापडावर आणून ठेवत होता.

तियाम्साने हात पुसून पुस्तक उघडलं. आजचं वाचन तिने पाळकांकडून मागून घेतलं होतं. साठीत ती चर्चच्या वर्गात अक्षरं शिकली, तेव्हापासून रुगून तिला मास्तरीणबाई म्हणून चिडवत असे.

ओळीखाली बोट सरकवत ती सावकाश वाचू लागली. सुकलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्यात संदेष्टा यहेज्केल उभा होता. ही हाडं जगतील का, असं देवाने विचारलं. ते तुलाच ठाऊक, असं तो म्हणाला. मग हाडाला हाड येऊन मिळालं, मांस चढलं, कातडी आली. पण श्वास नव्हता.

इथे तिचं बोट थांबलं. पार्लिनने नुकताच जबडा आणून ठेवला होता. तिने पुस्तक मिटलं आणि तो उचलून उजेडात धरला.

"हा होत्मान नाही."

"काहीतरीच! जागा मी स्वतः दाखवली."

"हे दात बघा. खालचे पुढचे दोन म्हशीने एका लाथेसरशी पाडले होते. तुम्हीच पोट धरून हसला होतात."

रुगून वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने काठी जमिनीवर आडवी ठेवली.

"म्हणजे हा तो बुडालेला."

होत्मान गेला त्याच्या आदल्या वर्षी त्याने तळ्यातून एक अनोळखी प्रेत ओढून काढलं होतं. नावगाव कळलं नाही, तेव्हा इथे आपल्याच घरच्या जागेत पुरलं.

पार्लिनने शेजारी खणायला घेतलं. तासाभराने होत्मान मिळाला. तियाम्साने त्या दोन दातांच्या फटीवर बोट ठेवलं आणि ती लाजल्यासारखी हसली.

होत्मान धुऊन झाला, तसं रुगूनने पहिल्या हाडांकडे बोट दाखवलं. "घोळ माझा, कबूल. आता याला होता तिथे ठेवा. परक्याला कुळाच्या थडग्यात जागा नाही."

"धुतलेल्या माणसाला पुन्हा मातीत घालायचं?"

"मग कोणाचा म्हणून आत ठेवणार?"

"त्या खोऱ्यातल्या हाडांना देवाने कुळ विचारलं का, वन्सं?"

रुगून पाळकांकडे वळली. "तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काय सांगणार? मास्तरीणबाईंनी बरोबर वाचलंय."

"अगं, खण दोनच आहेत. तुझा जाईल."

तियाम्साने होत्मानकडे पाहिलं. "मी बारीक आहे. हे सरकतील जरा."

पार्लिनला हसू आवरेना. रुगून हसली नाही. हाडं गुंडाळायला उलोस शेला एकच होता, तियाम्साने वर्षभर बसून विणलेला, आणि तो होत्मानच्या अंगाखाली पसरून झाला होता. रुगूनने त्या परक्याच्या उघड्या हाडांकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्यावरचा उलोस काढून कापडाशेजारी अंथरला. त्याच्या काठाच्या दशा तिने एकेक करून सरळ केल्या.

"ठेव त्याला," ती म्हणाली. "गार पाण्यात गेला होता बिचारा."

दोन्ही गाठोडी बांधून झाली. पाळक प्रार्थनेला उभे राहिले.

"थांबा," रुगून म्हणाली. "वाचन अर्धंच झालंय. श्वासाचं राहिलंय."

तियाम्सा दोन गाठोड्यांच्या मधे बसली आणि ओळ शोधू लागली. तळ्यावरून वारा सुटला, पान उलटायला लागलं. रुगून तिच्याजवळ टेकली आणि पानाच्या कोपऱ्यावर तिने आपलं बोट दाबून धरलं.