रेघेपलीकडची वेल

स्नान झालं, विभूती लावून झाली. रुद्रम्मानं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतलं, उजव्या हातानं बेल वाहिला, आणि नेमका तेव्हाच तिला शाळेतल्या सारजाचा हात आठवला. तोही डावाच.

तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब जळकोटच्या शाळेची तपासणी करून गेले, तेव्हा भूमितीत एकही पोर तोंड उघडेना. म्हणून काल शिक्षिका रुद्रम्मानं शाळेच्या सारवलेल्या अंगणात कोळशाची रेघ ओढली. रेघेअलीकडं एकीनं रांगोळीची वेल काढायची, पलीकडं दुसरीनं तिचं प्रतिबिंब. शेवटी रेघेवर आरसा उभा करून ताडून बघायचं. पलीकडच्या पोरी अडखळत होत्या. एकटी सारजा डाव्या हातानं सरसर काढत गेली, पानाला पान भिडलं. रुद्रम्माच्या तोंडून ‘शाबास’ निघायच्या आधी निघालं, ‘‘रांगोळी डाव्या हातानं? अपशकुनी!’’ जिचा आवाज गावात कधी चढला नव्हता, तिच्या हातातला रूळ सारजाच्या मनगटावर बसला.

आज पूजा उरकली, पण तिनं तीर्थ घेतलं नाही. ज्या तळव्यावर रोज देव बसतो, तो अपशकुनी कधीपासून झाला?

ती तशीच उपाशी शाळेत गेली. सारजा आली होती, पण तिचा डावा हात चिंधीनं कमरेशी बांधलेला.

‘‘हे काय गं?’’

 उत्तर द्यायला सारजाची मैत्रीण प्रेमा तयारच होती. ‘‘तिच्या आईनं बांधलाय, बाई. म्हन्ली, शिकलेल्या बाई सांगत्यात तर खरंच आसंल. जेवताना बी सोडत न्हाय. लई मज्जा! पाणी पिती ते समदं अंगावर!’’

पोरी फिदीफिदी हसल्या. रुद्रम्मा गाठ सोडायला खाली बसली. गाठ भिजून आवळली होती. मनगटावर वळ होते. रुळाचा कोणता नि चिंधीचा कोणता, तिला ओळखता येईना.

‘‘माझं चुकलं, सारजे. तुझ्या आईला मी आजच येऊन सांगते.’’

‘‘बाई बी चुकत्यात व्हय?’’ प्रेमा पुटपुटली.

‘‘चुकतात.’’

तिनं पुन्हा रेघ ओढली, अलीकडं स्वतः वेल काढली. आरसा ठेवला की वेल पुरी दिसे; उचलला की पलीकडं नुसतं शेण सारवलेलं. सारजा तिथं येऊन बसली. डावा हात पाठीमागं गेला. उजव्या चिमटीतून रांगोळी भसकन सांडली.

‘‘डाव्यानं काढ, बाळ.’’

‘‘मार न्हाय ना बसायचा?’’

रुद्रम्मानं आज रूळ आणलाच नव्हता. तिनं डाव्या तळव्यावर रांगोळी ओतून घेतली आणि इष्टलिंग धरावं तसा तळवा पुढं केला.

 सारजाचा पाठीमागचा हात हळूहळू पुढं आला. तिनं चिमूट उचलली. काल पानाला पान भिडलं होतं, आज पहिलंच पान वाकडं गेलं.

‘‘पुसू का, बाई?’’

‘‘नको.’’

रुद्रम्मानं आपल्या बाजूचं सरळ पान पुसलं आणि तेवढंच वाकडं काढलं.