गोड्या पाण्याचं शहर

ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही ती माणसं समुद्रकाठच्या शहरांबद्दल किती बोलू शकतात, हे मला त्या एप्रिलमध्ये कळलं. साल एकोणीसशे एकोणसाठ. अकोला तापून निघालं होतं, जिनिंगचा हंगाम आटोपला होता आणि आमच्या एका खोलीत रोज संध्याकाळी तीन परदेशी शहरांवरून वाद रंगत होते. एडन, मोंबासा आणि दार-ए-सलाम.

झालं असं होतं की माझा नवरा धर्मपाल जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होता, आणि मुंबईच्या एका जहाज कंपनीला बंदरावरच्या वर्कशॉपसाठी फिटर हवे होते. कंपनीचा साहेब डाक बंगल्यावर उतरला होता. धर्मपालने त्याच्यासमोर बंद पडलेलं इंजिन चालू करून दाखवलं. साहेब खूश झाला. म्हणाला, "तिन्ही बंदरांवर जागा आहे, बायकोमुलांना नेता येईल. कुठलं शहर हवं ते सोमवारी येऊन सांगा."

कुठलं हवं, असं आम्हाला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. गावात आमची जागा ठरलेली होती, वेशीबाहेर. अकोल्यात घरमालक आधी जात विचारत आणि मग खोली नुकतीच गेली म्हणत. ज्याने विचारलं नाही त्याची खोली आम्ही घेतली, छत गळतं की नाही हे न बघता. आणि आता अचानक तीन शहरं पुढे ठेवली होती.

सल्ले देणारे तर पायलीचे पन्नास निघाले. शेजारच्या चतुराबाईंनी एडनला फुली मारली, कारण तिथे झाडच नाही म्हणे. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. आमच्या हेडबाई म्हणाल्या, दार-ए-सलामला जा, नाव किती गोड आहे. धर्मपालचा मिस्त्री म्हणाला, मोंबाशाला आंबे होतात. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मी तिन्ही शोधून काढली. तीन ठिपके, निळ्या रंगाला चिकटलेले. त्यावरून काय कळणार, कपाळ!

माझे सासरे पुंजाजी ही बातमी ऐकून गावाहून आले. त्यांना भाड्याची, पगाराची, झाडांची काही पडलेली नव्हती. ते एकच विचारत होते.

"तथी पानी कसं हाये?"

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाण पट्ट्यातलं. तिथे कुठेही खणा, खारंच पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पोटात जे व्हायचं ते होत राहतं. माझी सासू पार्वताबाई मुतखड्याच्या कळा सोसत गेली. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर, नत्थुजी पाटलांच्या वावरात. आमच्या बायकांनी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि वरच्या आळीतली कोणी आली की पाणी मागायचं. तिला दया आली तर ती वरून वाढायची. घाईत असली तर नाही. मग पुन्हा आपलं खारं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्या विहिरीवर दोन तास उभी होते आणि रिकामी घागर घेऊन परत आले. तो राग माझ्यात अजून जसाच्या तसा आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तर पुंजाजी म्हणत होते, "समिंदराचं पानी तर खारं रायते. मंग ते लोक पेतात काय?" काठावर राहायचं म्हणजे तेच पाणी प्यायचं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. पण म्हातारा रात्री जेवला नाही. "खाऱ्यातून काढून पोरीले आनखी खाऱ्यातच टाकता काय?" झोपलेल्या नातीकडे बघत एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

शनिवारी केशवराव आला. नत्थुजी पाटलांचा थोरला मुलगा. पाच वर्षं मोंबाशाला बंदराच्या कचेरीत होता आणि तेव्हा रजेवर आलेला. त्याच्या कानावर आमची गोष्ट गेली आणि तो आपणहून आमच्या खोलीवर आला. बाजेवर बसला. मी चहा दिला. तो आमच्या कपातून चहा प्याला, आणि पिऊन झाल्यावर त्याने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. शाबासकी हवी होती त्याला. पुंजाजींनी ती दिलीही, हात जोडून.

"दार-ए-सलामचं सोडा," केशवराव म्हणाला. "तिथं आपलं फारसं कोणी नाही. एडन म्हणजे नुसता काळा दगड. ऊन असं की अकोला बरं, आणि पाणी मचूळ. मोंबासा बघा. नारळ, आंबे, संध्याकाळी वारा. शाळा आहे. आपली मराठी मंडळी आहेत, मंडळ आहे, गणपती बसतो. मंडळाच्या इमारतीत खोली मी मिळवून देतो."

"आन पानी?" पुंजाजींनी विचारलं.

"डोंगरातून नळानं येतं. घरात. तोटी फिरवली की गोडं पाणी."

पुंजाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरात?" त्यांनी पुन्हा विचारलं. "आपल्या हातानं घ्याचं?"

"आपल्या हातानं," केशवराव म्हणाला.

धर्मपाल माझ्याकडे बघून हसला. ठरल्यातच जमा होतं. मग केशवरावाने कप खाली ठेवला आणि आवाज उतरवला.

"फक्त एक आहे, धर्मा. तिथं काही लोक जुन्या वळणाचे आहेत. मी काही मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण उगाच कटकट नको. तुझं आडनाव वानखडे, हे एक फार चांगलं आहे. वानखडे आमच्यातही आहेत. त्यामुळे कोणी विचारणारच नाही. फक्त धर्मपाल सांगू नको, त्याच्यावरून लोक ओळखतात. धर्माजी सांग. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लाव. आणि पोरीचं नाव काय?"

"विशाखा," मी म्हणाले.

"छान. त्याच्यावरून काही कळत नाही. तिला तेवढं शिकवून ठेवा, आल्यागेल्याला जय भीम म्हणायचं नाही."

मी काही न मानणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. ती स्वतः मानत नाहीत, फक्त मानणाऱ्यांचे निरोप घरोघर पोचवतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"केशवराव," मी म्हणाले, "तुमी आज आमच्या घरचा चहा पेले. हे तथी मोंबाशाले सांगसान काय?"

तो गडबडला. "ते... तिथली गोष्ट वेगळी आहे."

"येगळी कशी? चहा तोच, तुमीबी तेच."

"सुंदरा!" धर्मपाल ओरडला.

"मी तुमच्या भल्यासाठी आलो होतो," केशवराव उठत म्हणाला. तो खरोखरच भल्यासाठी आला होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वाईट माणसाला हाकलून देता येतं. याला दारापर्यंत पोचवायला माझा सासरा अनवाणी धावला.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे भांडण झालं ते चतुराबाईंनी भिंतीला कान न लावता ऐकलं असेल.

"दोन-तीन वर्साचा सवाल हाये," धर्मपाल म्हणाला. "धर्मपाल नाही म्हटलं तर मी मरून राह्यलो काय? जलमापासून धर्माच तर होतो."

"मंग तीन वर्साआधी नागपूरले कावून गेलतो आपन? फिराले? तथी उभं राहून नवं नाव घेतलं, ते पेटीत ठेवाले घेतलं काय?"

"माही माय त्या पान्यानं गेली!" त्याचा आवाज फाटला. "मले पोरीले गोडं पानी पाजाचं हाये. त्याच्यासाठी मी धर्माजी काय, दगडोजीबी होईन. तुले काय समजते?"

मला समजत होतं. म्हणूनच मी आणखी चिडले. मी पुंजाजींकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस माझ्या बाजूने बोलेल.

"मी जलमभर त्याईले जोहार घातला, बाई," ते म्हणाले. "वाकून वाकून पाठ गेली, तरी पानी नाही भेटलं. अथी तर नुसता एक शबुद बदलून भेटते. सवदा वाईट नाही."

मला त्यांचा राग आला. मग त्या वाकलेल्या पाठीकडे लक्ष गेलं आणि आपल्याला यांचाही राग येतो, म्हणून स्वतःचाच राग आला. मी सांगून टाकलं, "तुमी जा मोंबाशाले. धर्माजी होऊन जा. मी आन विशाखा अथीच राहू."

रविवारभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुपारी मी चूल सारवत होते. धर्मपालने विशाखाला मांडीवर घेतलं. पाच वर्षांची पोर, नुकती शाळेत जायला लागलेली, कोणी काही विचारलं की बेंबीच्या देठापासून उत्तर द्यायची.

"कोनी इचारलं, तुह्या बाबाचं नाव काय, तर काय सांगशीन?"

"धर्मपाल पुंजाजी वानखडे!" ती ओरडली.

"नाही. धर्माजी सांगाचं."

"कावून?"

"मी सांगून राह्यलो म्हनून."

"पन बाईनं शाळेत धर्मपाल लिवलं."

"धर्माजी म्हन!" तो एकदम खेकसला. पोर दचकली. मी हातातलं पोतेरं टाकून उठणार, तोच तिने दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी आहे का ते बघून घेतलं, आणि बापाच्या कानाशी जाऊन अगदी हळू म्हणाली, "धर्माजी."

तिला हळू बोल असं कोणी सांगितलं नव्हतं. दाराकडे बघ असंही नाही. ते तिचं तिलाच कळलं होतं.

धर्मपाल तसाच बसून राहिला. लहानपणी पाटलाच्या घरावरून जाताना बाप आपल्याला "हळू बोल" म्हणायचा, हे त्याने मला कितीदा तरी सांगितलं होतं. पुंजाजींनीही ते पाहिलं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि उठून बाहेर जाऊन बसले. मी सारवण पुरं केलं.

सोमवारी सकाळी तो निघाला तेव्हा मी न विचारता त्याच्यासोबत चालू लागले. त्याने मनाई केली नाही. विशाखा आजोबांजवळ राहिली. डाक बंगल्याच्या वरांड्यात केशवराव आधीच येऊन बसला होता. माझ्याशी इतकं वाजल्यावरही तो शब्द टाकायला आला होता, हे मी नाकारत नाही.

साहेब हसून म्हणाला, "या. केशवरावांनी सगळं सांगितलंय. धर्माजी वानखडे, मोंबासा. बरोबर ना?"

"नाही साहेब," धर्मपाल म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा होता की बंगल्याचा खानसामा दारातून डोकावला. "धर्मपाल पुंजाजी वानखडे. एडन."

"एडन?" साहेबाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, एडन कोणी आपणहून मागत नाही. तिथलं पाणीसुद्धा धड नाही. आणि तिथे तुमच्या ओळखीचं कोण आहे?"

"कोनीच नाही. म्हनूनच तर. जथी कोनी वळखत नाही तथीच मले माहं नाव सांगता येते."

साहेबाला काही उमगलं नाही. ज्याला उमगलं तो केशवराव खुर्चीतून उठला. "धर्मा, वेडा झालास काय? पोरीचा तरी विचार कर."

"तिचाच केला," धर्मपाल म्हणाला.

आम्ही फाटकाबाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. धर्मपालची छाती अजून वरखाली होत होती, पण चेहरा मोकळा झाला होता. माझ्या मनासारखं झालं होतं, तरी डोकं शांत होत नव्हतं, उलट भणभणत होतं. केशवराव आपल्या पूर्ण नावानिशी मोंबाशाला परत जाणार होता. तोटी फिरवून गोडं पाणी पिणार होता. नाव राखायचं की पाणी प्यायचं, असं त्याला कोणी सोमवारपर्यंत विचार करायला सांगितलं नव्हतं. समुद्र ओलांडला तरी त्या विहिरीवर तेच लोक आधी जाऊन उभे होते.

"आता तरी हास," धर्मपाल म्हणाला. "तुह्या मनासारखं झालं ना?"

"नाही," मी म्हणाले. "मले दोन्ही पायजे होतं."